जुन्या मोटरसायकलींचे सुटे भाग बनवताना पैशाचा हिशेब कसा मांडावा

ज्या मोटरसायकलीचा कारखाना बंद पडून दोन पिढ्या उलटल्या, तिचा एखादा सुटा भाग आपणच बनवावा आणि विकावा, हा विचार लेथवर हात बसलेल्या किंवा जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाच्या मनात कधी ना कधी येतोच. व्हिन्सेंट या ब्रिटिश गाडीचे उत्पादन १९५५ मध्ये थांबले, वेलोसेटने १९७१ मध्ये गाशा गुंडाळला, ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखाना १९८३ मध्ये बंद झाला. तरीही या गाड्या आज धावतात, कारण त्यांचे भाग कोणी ना कोणी बनवत राहिले. त्यांपैकी काहींचा व्यवसाय नीट चालला, तर काहींच्या फळीवर न खपलेल्या मालाचे खोके धूळ खात पडले. दोघांच्या कारागिरीत फारसा फरक नसतो; फरक असतो तो किती नग एकदम बनवले आणि ते विकले जायला किती वर्षे लागली, यात. हा लेख प्रामुख्याने त्या हिशेबाविषयी आहे आणि यंत्रकामाचा विचार हिशेबाला जेवढा लागतो तेवढाच केला आहे.

पहिली पायरी : भाग निवडणे

नवखा माणूस बहुधा स्वतःच्या गाडीला हवा असलेला भाग निवडतो. तसे करण्यात गैर काही नाही, पण ती बाजारपेठेची पाहणी नव्हे. निवडीपूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. हा भाग नसेल तर गाडी उभी राहते का? तो झिजून पुन्हा लागतो का? आणि तो किती मॉडेलांना बसतो? टाकीवरचा बिल्ला सुंदर असतो, पण मालक तो आयुष्यात एकदाच विकत घेतो आणि नसला तरी गाडी चालवतो. क्लचच्या प्लेटा, बुश, गॅस्केट, केबल यांची मागणी मात्र पुन्हा पुन्हा येते. या दोन टोकांच्या मधला, म्हणजे क्वचित लागणारा पण नसल्यास गाडी अडवून ठेवणारा भाग, नवख्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तेथे ग्राहक किमतीवरून फार घासाघीस करत नाही आणि मोठे उत्पादकही सहसा त्या वाटेला जात नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. लुकास कंपनीचा के२एफ मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे यंत्र) बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, एजेएस आणि मॅचलेस यांच्या दोन सिलिंडरच्या गाड्यांवर येत असे. त्याच्या आतला एखादा भाग बनवला की पाच नावांचे ग्राहक एकदम मिळतात. एजेएस मॉडेल १८ आणि मॅचलेस जी८० या एकाच कारखान्याच्या जवळजवळ जुळ्या गाड्या आहेत. अमलचे कार्ब्युरेटर आणि स्मिथ्सचे मीटर यांनाही हेच लागू पडते. म्हणून जुने पार्ट कॅटलॉग समोर ठेवून एकच पार्ट नंबर आणखी कोणकोणत्या मॉडेलांत येतो, हे शोधण्यात घालवलेला आठवडा सत्कारणी लागतो.

गाडीची स्वतःची किंमत काय, हेही पाहावे. बीएसए बँटम १९४८ पासून १९७१ पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक संख्येने बनली; तिचे ग्राहक पुष्कळ आहेत, पण गाडीच स्वस्त असल्यामुळे महाग भाग पाहिला की ते जुन्या बाजाराकडे वळतात. व्हिन्सेंटचे गणित उलटे आहे. गाड्या थोड्या, पण प्रत्येकीचे मोल इतके की तिच्यासाठी उत्तम भागाची पूर्ण किंमत मोजायला मालक तयार असतो. या गाडीच्या मालकांच्या क्लबाने उभ्या केलेल्या कंपनीने इतके भाग पुन्हा बनवले की त्यांतून ब्लॅक शॅडो या मॉडेलची एक संपूर्ण नवी गाडी उभी करता आली.

शेवटी, तो भाग आधीच कोणी बनवत नाही ना आणि न वापरलेला जुना साठा कोणाच्या गोदामात पडून नाही ना, याची चौकशी करावी. क्वचित मूळ उत्पादकच परत येतो; कावासाकीने आपल्या झेड१ या गाडीचे सिलिंडर हेड पुन्हा तयार करून विकले. अजून जिवंत असलेल्या कंपनीच्या गाडीचा खर्चिक भाग हाती घेताना हा धोका गृहीत धरावा.

दुसरी पायरी : मागणीचा अंदाज

एकूण किती गाड्या बनल्या, हा आकडा येथे जवळजवळ निरुपयोगी असतो. आज किती उरल्या, त्यांतल्या किती खरोखर चालतात आणि चालणाऱ्या गाडीला हा भाग किती वर्षांनी लागतो, हे महत्त्वाचे. समजा, एका मॉडेलच्या ४,००० गाड्या उरल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या नियमित चालतात आणि प्रत्येकीला आपला भाग साधारण २५ वर्षांतून एकदा लागतो. म्हणजे वर्षाला ८० नगांची गरज निर्माण होते. त्यांतले निम्मे लोक वेल्डिंग करून, जुना भाग लावून किंवा दुसऱ्याचा माल घेऊन भागवतील असे धरले, तर वर्षाला ४० नग उरतात. हे सर्व आकडे मानलेले आहेत, पण रीत हीच आहे आणि हाती येणारा आकडा उत्साहाच्या भरात मनात धरलेल्या आकड्यापेक्षा नेहमीच लहान असतो.

येथे एक फसवी गोष्ट घडते. भाग वर्षानुवर्षे मिळत नसेल, तर वाट पाहून थकलेले ग्राहक पहिल्या काही महिन्यांतच तुटून पडतात. तो साचलेला अनुशेष असतो. त्या वेगावरून वर्षाचा खप काढला तर दुसरा लॉट (एकदम बनवलेल्या नगांची खेप) तिप्पट मोठा बनवला जातो आणि तोच गळ्याशी येतो. शिवाय जितका चांगला भाग तुम्ही बनवाल, तितक्या उशिरा तो ग्राहक पुन्हा तुमच्याकडे येईल.

क्लबांच्या सभासदांकडून आधी नोंदणी घेणे उपयोगी पडते, मात्र नुसत्या नावांच्या यादीवर विसंबू नये. ‘मला दोन ठेवा’ म्हणणारे अनेक असतात. किमतीचा चौथा हिस्सा आगाऊ भरणारे फार थोडे. दुसऱ्या गटाचीच संख्या मोजावी.

तिसरी पायरी : नमुना आणि रेखाचित्र

समजण्यासाठी एकच भाग घेऊ. किकच्या दांड्याच्या शाफ्टवर बसणारा, पंख्याच्या आकाराचा दातेरी तुकडा, ज्याला क्वाड्रंट म्हणतात. किक मारताना पहिला भार त्याच्या पहिल्या एकदोन दातांवर येतो, त्यामुळे ते तुटतात आणि गाडी ढकलून चालू करावी लागते.

एकाच झिजलेल्या नमुन्यावरून माप घेऊन काम सुरू करणे हा हमखास नुकसानीचा मार्ग आहे. वेगवेगळ्या गाड्यांतले निदान तीन-चार नमुने मिळवावेत आणि माप न झिजलेल्या जागी घ्यावे. क्वाड्रंटच्या बाबतीत शेवटचे दात बहुधा कोरे असतात, कारण त्यांच्यावर भार येईपर्यंत इंजिन फिरू लागलेले असते. पहिला दात मात्र डोळे झाकून इतरांसारखा करू नये. काही मॉडेलांत त्याचा माथा मुद्दाम उतरवलेला असतो, जेणेकरून समोरच्या चाकाच्या दातावर तो अडकून न बसता सरकून आत जावा. ती झीज समजून ‘दुरुस्त’ केलेला क्वाड्रंट पहिल्याच किकला अडकतो.

ब्रिटिश गाड्या इंचात रेखलेल्या आहेत, हे प्रत्येक मापाच्या वेळी आठवावे. मायक्रोमीटरवर भोक २२.२ मिलिमीटर दिसले तर मूळ आकडा बहुधा सात अष्टमांश इंच, म्हणजे २२.२२५ मिलिमीटर असतो; रेखाचित्रात २२.२ लिहून मोकळे झाल्यास भोक शाफ्टवर चढणार नाही. दातांच्या बाबतीत मोह अधिक मोठा असतो. जुने गिअर डायमेट्रल पिचमध्ये, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला किती दात या मापात असतात; मॉड्यूल हे त्याचे मिलिमीटरमधले माप, व्यास भागिले दातांची संख्या. १० पिच म्हणजे २.५४ मॉड्यूल, आणि बाजारात २.५ मॉड्यूलचा कटर सहज व स्वस्तात मिळतो. फरक दीड टक्क्याच्या आसपास असल्याने दात डोळ्यांना सारखेच दिसतात, पण समोरच्या मूळ चाकाशी ते नीट मिळत नाहीत. आवाज करतात, काठावर झिजतात आणि काही महिन्यांत माल परत येऊ लागतो. योग्य कटरचा खर्च येथे टाळता येत नाही.

आट्यांचेही तसेच. पाव इंचाच्या व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश मानक) आणि यूएनसी (अमेरिकी मानक) या दोन्ही आट्या इंचाला २० च असतात, त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्यात जातोही. पण व्हिटवर्थचा कोन ५५ अंशांचा आणि यूएनसीचा ६० अंशांचा, म्हणून तो आट्यांच्या कडांवर टेकतो. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थच्या १२ आणि यूएनसीच्या १३ आट्या असल्याने तेथे चूक निदान लगेच कळते. आट्यांचे गेज विकत घेणे ही या धंद्यातली सर्वांत स्वस्त विमापॉलिसी आहे.

ओतीव भाग करायचा असेल तर जुना भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबू नये. अ‍ॅल्युमिनियम थंड होताना साधारण १.३ टक्के आक्रसते. २०० मिलिमीटर लांबीच्या झाकणात अडीच मिलिमीटरहून अधिक कमतरता येते आणि यंत्रकामासाठी सोडायची जाडी वेगळीच.

चौथी पायरी : लॉटचा हिशेब

आता क्वाड्रंटचा पैसा मांडू. आकडे मानलेले आहेत आणि चलन कोणतेही धरावे. प्रमाण कसे बदलते ते पाहायचे आहे.

एकदाच होणारा खर्च असा : नमुने, मोजणी आणि रेखाचित्र १२,०००, यंत्रावर नग पकडून ठेवणारे फिक्श्चर १०,०००, दातांचा खास कटर १८,०००, चाचणीसाठी बनवून मुद्दाम तोडलेले पहिले नग ८,०००. एकूण ४८,०००. दर लॉटला होणारा खर्च, म्हणजे यंत्रांची सेटिंग आणि भट्टीवाल्याचे किमान भाडे, ९,०००. दर नगाला लागणारा खर्च : पोलाद आणि घडाई २२०, लेथ व मिलिंग ३००, दात पाडणे २६०, हार्डनिंग ९०, भोकाचे ग्राइंडिंग १५०, तपासणी व वेष्टन ६०, एकूण १,०८०. शंभरात सहा नग बाद होतील असे धरू. नवख्याने बाद नगांचे प्रमाण शून्य धरलेले असते, आणि नेमका भट्टीतच माल वाकतो.

५० नगांचा लॉट केला तर ४७ चांगले नग मिळतात आणि प्रत्येकी खर्च २,३६२ येतो. २०० केले तर १८८ नग, प्रत्येकी १,४५२. ५०० केले तर ४७० नग, प्रत्येकी १,२७०. बहुतेक लोक हा हिशेब येथेच थांबवतात आणि ५०० चा लॉट टाकतात.

पण खप वर्षाला ४० आहे. ४७ नग सव्वा वर्षाच्या आतच संपतील, १८८ नगांना पावणेपाच वर्षे लागतील आणि ४७० नगांना जवळजवळ बारा. तेवढा काळ पैसा फळीवर अडकलेला असतो. तो कर्जाचा असेल तर व्याज जाते, स्वतःचा असेल तर दुसरीकडे मिळाले असते ते उत्पन्न बुडते. वर्षाला १२ टक्के सरळ व्याज धरू. माल क्रमाक्रमाने विकला जातो, म्हणून सरासरी नग एकूण काळाच्या निम्मा काळ पडून राहतो. हे व्याज मिळवले की ५० च्या लॉटचा नग २,५२८ ला पडतो, २०० च्या लॉटचा १,८६१ ला आणि ५०० च्या लॉटचा २,१६५ ला. स्वस्तात बनलेला नग वाट पाहता पाहता महाग झाला. यात गंज, जागेचे भाडे आणि मधल्या काळात कोणीतरी तोच भाग बाजारात आणण्याची शक्यता धरलेलीच नाही.

आता त्या मधल्या टप्प्याकडे अधिक बारकाईने पाहावे. १५० च्या लॉटचा नग व्याजासह १,८८२ ला पडतो, २०० चा १,८६१ ला, ३०० चा १,९२२ ला. म्हणजे या पट्ट्यात खर्च जवळजवळ सपाट आहे, पण सुरुवातीला गुंतणारी रक्कम सपाट नाही : १५० नगांना २,१९,००० लागतात, ३०० नगांना ३,८१,०००. माझे मत असे की खर्च सपाट असेल तेथे पट्ट्याच्या खालच्या टोकाला राहावे. मागणीचा अंदाज चुकलाच तर हानी कमी होते, आणि पहिल्या लॉटवर आलेल्या तक्रारींनुसार दुसऱ्यात सुधारणा करता येते.

दुसऱ्या लॉटचा हिशेब तर निराळाच आहे. रेखाचित्र, फिक्श्चर आणि कटर आधीच हातात असल्यामुळे पुढचे १५० नग केवळ १,७१,००० मध्ये बनतात; चांगला नग १,२१३ ला पडतो आणि व्याजासह सुमारे १,४७०. या व्यवसायात खरा नफा दुसऱ्या लॉटपासून सुरू होतो. म्हणून पहिल्या लॉटमध्ये साचे-हत्यारांचा खर्च वसूल झाला आणि वर थोडे उरले, तर तो लॉट यशस्वी समजावा.

पाचवी पायरी : कोठे आणि कसे बनवावे

नवख्याने यंत्रे विकत घेऊ नयेत. वर्षाला ४० क्वाड्रंटसाठी घेतलेले यंत्र वर्षभर जवळजवळ बंदच असते. वेगवेगळी कामे वेगवेगळ्या जॉबवर्क करणाऱ्यांकडे, म्हणजे मजुरीवर काम करून देणाऱ्या कारखान्यांकडे द्यावीत, पण तपासणी स्वतःकडे ठेवावी. भट्टीवाल्याला ‘कडक करून द्या’ एवढेच सांगणे पुरेसे नाही; ईएन३६ सारख्या, वरचा थर कडक करता येणाऱ्या पोलादाला वरचा थर किती खोल हवा आणि पृष्ठभागाची कठीणता किती, हे लेखी द्यावे. क्वाड्रंटला वरून साधारण ५८ ते ६० रॉकवेल सी (कठीणतेचे माप) आणि आतून चिवटपणा लागतो. आरपार कडक झालेला दात काचेसारखा तुटतो. दर लॉटमधला एक नग कापून पाहावा.

त्रिमिती छपाईमुळे लहान लॉटचे ओतकाम सोपे झाले आहे, कारण लाकडी पॅटर्न न करता छापील पॅटर्नवर काम भागते. दहा-वीस नगांसाठी तो मार्ग बरा. शंभराच्या पुढे टिकाऊ पॅटर्न परवडतो. पॅटर्न आणि फिक्श्चर कारखान्यात ठेवावे लागतात, तेव्हा ते कोणाच्या मालकीचे आहेत हे पहिल्याच ऑर्डरवर लिहून घ्यावे. फाउंड्री विकली गेली की शेवटी आपला शब्द आणि त्यांचा शब्द एवढेच उरते.

सहावी पायरी : किंमत

खर्चावर ठरावीक टक्के चढवून किंमत ठरवण्याची सवय येथे नडते. ग्राहक तुमचा खर्च पाहत नाही. तो पाहतो की दुसरा पर्याय केवढ्याला पडतो, म्हणजे जुना भाग शोधणे, तुटलेला दात भरून घेणे किंवा गाडी उभी ठेवणे. किमतीची वरची मर्यादा तेथून येते.

खालची मर्यादा दुकानदार ठरवतात. जुन्या गाड्यांच्या भागांचे व्यापारी छापील किमतीवर ३०-३५ टक्के सवलत मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त असते, कारण साठा, पत्रव्यवहार आणि परत आलेला माल ते सांभाळतात. आपल्या उदाहरणात किरकोळ किंमत २,९०० ठेवली आणि ३५ टक्के सूट दिली, तर हाती १,८८५ येतात. १५० च्या लॉटचा खर्च १,८८२ आहे. म्हणजे सगळा माल व्यापाऱ्यांमार्फत विकला तर कष्ट फुकट. किंमत ३,४०० ठेवल्यास व्यापाऱ्याकडून २,२१० मिळतात आणि थेट ग्राहकाकडून पूर्ण रक्कम. ही किंमत बाजाराला पेलवत नसेल, तर दुसरा भाग निवडावा. सुरुवातीला स्वस्त देऊन नंतर भाव वाढवू, हा विचार करू नये; या वर्तुळात सगळे एकमेकांना ओळखतात आणि पहिला भाव वर्षानुवर्षे लक्षात ठेवला जातो.

सातवी पायरी : नाव आणि जबाबदारी

कारखाना बंद पडला म्हणून त्याचे नाव बेवारशी होत नाही. बीएसएचे नाव २०१६ मध्ये महिंद्र समूहाने विकत घेतले. नॉर्टन आणि ट्रायम्फ ही नावेही वापरात आहेत. भागावर किंवा खोक्यावर असे नाव अथवा चिन्ह छापण्यासाठी परवाना लागतो. ‘अमुक मॉडेलसाठी योग्य’ असे वर्णन सहसा चालते, तरी नियम देशागणिक वेगळे असल्याने एकदा वकिलाला विचारलेले बरे. भागावर स्वतःची खूण आणि लॉटचा क्रमांक मात्र अवश्य टाकावा. तक्रार आली की दोष कोणत्या लॉटचा, हे त्यावरूनच कळते, आणि दुसऱ्याचा फसलेला माल आपल्या माथी मारला जात नाही.

ब्रेक, फोर्क, हँडलचा स्टेम, चाकाचा आस हे भाग नवख्याने सोडून द्यावेत. तेथे तुटलेल्या भागामागे जखमी माणूस असतो, आणि त्या जबाबदारीचा विमा लहान लॉटच्या नफ्यात बसत नाही.

आठवी पायरी : विक्री आणि पुढचा लॉट

पहिले दहा-बारा नग मन लावून गाडी जोडणाऱ्या कारागिरांना द्यावेत आणि प्रत्यक्ष बसवताना काय अडले ते विचारावे. तोंडी ‘छान आहे’ पुरेसे नाही; भोक शाफ्टवर हाताने चढले की ठोकावे लागले, स्प्रिंगचा अटकाव योग्य जागी आला का, झाकण बसल्यावर कोठे घासले का, असे प्रश्न विचारावेत. परत आलेला प्रत्येक नग ठेवून द्यावा. त्यांतले बरेचसे चुकीच्या मॉडेलवर बसवलेले असतात, म्हणून कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि कोणत्या इंजिन क्रमांकापुढे हा भाग चालतो, ते खोक्यावर ठळक छापावे.

विक्रीची नोंद महिन्यागणिक ठेवावी आणि पहिले सहा महिने वेगळे काढून उरलेल्या काळावरून वर्षाचा खप ठरवावा. दुसरा लॉट कधी टाकायचा, याचा नियम साधा आहे : जॉबवर्क करणाऱ्यांकडून माल हाती यायला जितके महिने लागतात, तितक्या महिन्यांचा खप आणि वर थोडी शिल्लक एवढाच साठा उरला की ऑर्डर द्यावी. खप वर्षाला ४० असेल आणि माल यायला नऊ महिने लागत असतील, तर फळीवर ३०-३५ नग उरताच. त्या वेळी चौथ्या पायरीचा हिशेब नव्या खपावर पुन्हा मांडावा; खप वर्षाला १५ वर आला असेल, तर १५० चा लॉट न टाकता कटर आणि फिक्श्चर रेखाचित्रासह एखाद्या क्लबाच्या सुटे भाग योजनेला विकावे, कारण फायद्याची अपेक्षा न ठेवता लहान लॉट काढणे त्यांना परवडते.